चंद्रकळेचा पडदा

भावाच्या दोन्ही लेकी सुना करून आणल्या तर द्वारकाबाईच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून बघू. डोंगरकड्याच्या माणिकरावाला पोरगा नव्हता. होत्या दोन पोरी, पुनम आणि शिवकन्या, आणि पाण्याखालची केळीची बाग. एक पोरगी कुरुंद्याला आली की अर्धी बाग आल्यासारखी. दुसरी आली की मधला बांधच मोडला. शिवाय भाची म्हणजे घरचीच. तिला रुसून जायला परकं माहेर नाही, तिच्या बापाला मानपान मागायला तोंड नाही, आणि सासूची उणीदुणी काढायला गेली तर ती स्वतःच्या आत्याचीच काढणार. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे तर सगळा मुलूख मानत आलेला. द्वारकाबाईनं रीत मोडली नाही. फक्त रीत वाढत होती तेव्हा ताट जरा मोठं पुढं केलं.

थोरल्या लेकाला, शिवशंकरला, पुनम केली. इथपर्यंत सगळं बराबर. मग आरोही झाली.

लेकरू पांढरं होतं. गोरं नव्हे, पांढरं. केस मक्याच्या कणसाच्या झुबक्यासारखे, पापण्याही तशाच. कुरुंदा हळदीचं गाव. हळद शिजायला लागली की माणसांच्या टाचांपासून कुत्र्यांच्या शेपटापर्यंत सगळं पिवळं होतं. अशा गावात हे एक कोरं कापड येऊन पडलं.

"कुनावर गेलं म्हनावं?" बघायला आलेल्या बाया विचारायच्या. प्रश्न साधा, पण विचारताना डोळा शिवशंकरवरून निघून गल्लीतल्या एकेका दारावर फिरून यायचा.

इथं द्वारकाबाईची पंचाईत झाली. सुनेला झोडपायचं सासूचं हुकमी हत्यार म्हणजे सुनेचं माहेर. पण इथं सुनेचं माहेर तेच सासूचं माहेर. 'तुझ्या घरचं रक्त' म्हणावं, तर बोट वळून आपल्याच डोळ्यात. म्हणून तिनं पंचांग चाळलं आणि एक ग्रहण शोधून काढलं.

"ग्रहणाच्या रातीला गच्चीवर निजली बया. चांदणं उतरलं पोटात."

पुनम त्या रात्री मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, सासूनंच बसवलेली. अंगाला खाज सुटली तरी खाजवलं नव्हतं. पण चांदण्याची गोष्ट गावाला आवडली. ऐकायला गोड, सांगायला सोपी. पहिली दोन वर्षं पुनम रडली. तिसऱ्या वर्षापासून ती उत्तर द्यायला लागली.

"काहून निजली व्हतीस गं गच्चीवर?" कुणी विचारलं की म्हणायची, "तुमी बी निजा की, काकू. तुमचं बी उजळंल."

एक गोष्ट मात्र द्वारकाबाईच्या नावावर जमा धरायला हवी. बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी तिनं पेटीतून आपल्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा काढली. काळीभोर, काठाला जर. जिनं आयुष्यात कुणाला फुकट चिंधी दिली नाही, तिनं ती चंद्रकळा उभी फाडली आणि बाळंतिणीच्या खिडकीला बांधली. बाया म्हणाल्या, दृष्ट लागू नये म्हणून. पुनमला वाटलं, लेकरू लपवायला. दुपारच्या उन्हात आरोहीला खळ्यावर न्यायलाही आत्या बंदी घालायची. तेही पुनमनं लाजेच्याच खात्यात टाकलं.

आरोही पहिलीत गेली. फळा तिला दिसेना, पुस्तक नाकाला लावून वाचायची. गुरुजींनी डोळे तपासायला सांगितले, म्हणून यंदा नवरा-बायको तिला घेऊन नांदेडला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीकडं पाहिलं आणि चष्म्याआधी दुसरंच विचारलं.

"तुम्ही दोघं नात्यातले का?"

"मामाची पोरगी हाय ना ही माझ्या," शिवशंकर म्हणाला. छाती फुगवून म्हणाला, ते नंतर त्याला महागात पडलं.

बाईंनी रक्त तपासणीला पाठवलं आणि निकाल आल्यावर दोघांना समोर बसवलं. "कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग येतो तो शरीरातल्या एका प्रथिनामुळं. टायरोसिनेज म्हणतात त्याला. ते कसं घडवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडलांकडून. एक जरी धड असली तरी भागतं. हिला दोन्ही बिघडलेल्या आल्यात."

पुनमनं क्षणभर विचार केला. "म्हंजे दूध हाय, पन इरजन न्हाई. मंग दही लागायचं कसं."

"अगदी बरोबर. आणि तुम्हा दोघांत एकेक धड, एकेक बिघडलेली. एकाच आजा-आजीची नातवंडं तुम्ही. बिघडलेली प्रत तिथूनच दोन्ही वाटांनी खाली आली असणार."

"आन् ग्रहन?"

"कसलं ग्रहण?"

पुनम हसली. इतकी हसली की बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. घरातलं घरातच ठेवायचं म्हणून आत्यानं केलेली सोयरीक. आणि घरातलं अगदी सगळं घरातच राहिलं होतं.

"उन्हात टोपी, छत्री, हा चष्मा," बाई सांगत होत्या. "उजेड टोचतो या मुलांना. लहान असताना तर फार. खिडकीला जाड, काळपट पडदा लावत जा."

पुनमचं हसू तिथंच थांबलं.

बसमध्ये शिवशंकर म्हणाला, "घरी काई बोलू नगंस. माय कोसळंल."

"आन् मी काय शिमिटाची हाय?"

बोलायची घाई तिला होती, कारण धाकट्या दिराची, विश्वंभरची, आणि शिवकन्याची सुपारी फोडायचा दिवस ठरला होता. ती बिघडलेली प्रत त्या दोघांत असेल किंवा नसेल. बाई म्हणाल्या होत्या, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पुनमनं घरी येऊन एवढंच मागितलं, आधी दोघांचं रक्त तपासा.

"घरच्या रक्ताची तपासनी?" द्वारकाबाई कडाडली. "बैलबाजार हाय का हा?"

"बैलाचे तर दात बी बघता, आत्या."

सुपारीच्या दिवशी अंगणात कनात लागली. माणिकराव पोरीला आणि भावकीला घेऊन आला. मध्यस्थ नरसिंगराव, ज्याचा फेटा आधीच ठरलेला होता, नारळ हातात तोलत बसला. आरोहीला आतल्या खोलीत बसवायचा हुकूम होता. पाहुण्यांच्या डोळ्यांपुढं नको. ताटात सुपारी ठेवली, आणि पुनम आतल्या खोलीत गेली. खिडकीची चंद्रकळा सोडली, आरोहीच्या डोक्यावरून पांघरली आणि पोरीचा हात धरून थेट अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"सुपारी ऱ्हाऊ द्या."

"सूनबाई, बायांनी आतून बोलावं," नरसिंगराव म्हणाला.

"सा वर्सं आतूनच बोलून राहिले, दादा. भाईर ऐकू आलं न्हाई कुनाला."

मग तिनं सगळं सांगितलं. दूध, विरजण, दोन प्रती. कुणाला कळलं, कुणाला नाही. पण 'दोन्हीकडून' हा शब्द सगळ्यांना कळला, कारण दोन्हीकडं एकच घर होतं.

"सोताच्या ग्रहनाचं खापर आता माझ्या बापावर फोडती!" द्वारकाबाई उठून उभी राहिली. "आमच्या घरान्यात असं लेकरू कवाच झालं न्हाई!"

पुनमनं चंद्रकळेचा जरीचा काठ उचलून धरला.

"मंग हे काय, आत्या? सहाव्या दिवशी बांधली तुमी. लेकराला उजेड टोचतो हे नर्सला ठाव नव्हतं, मला, पोटच्या आईला, ठाव नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरनं सा वर्सांनी सांगितलं. तुमाला पहिल्याच आठवड्यात कोन्या ग्रहनानं शिकवलं?"

माणिकरावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अक्का," तो म्हणाला. "सोनी."

"गप ऱ्हाय, मान्या!"

पण नाव निघालं ते निघालं. द्वारकाबाई खाली बसली. बोलली ती कुणाकडंच न बघता. "धाकटी बहीन व्हती माझी. अशीच, पांढरी. उन्हात दिसायचं न्हाई तिला. मी हात धरून न्यायची. एक दिस नेलं न्हाई, खेळत बसले. भर दुपारी इहिरीत गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मायनं सांगितलं, कुनापाशी नाव काढू नगंस, न्हाईतर तुझं लगीन व्हनार न्हाई."

"म्हंजे ग्रहन खोटं व्हतं म्हना की," नरसिंगराव मिशीत हसला.

द्वारकाबाई त्याच्याकडं वळली. "व्हय, खोटं. तुमचं काय गेलं त्यात? गेलं ते हिचं." आणि तिनं पुनमकडं बोट केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते बोट दोष द्यायला उठलं नव्हतं.

पुनम विरघळली नाही. "चंद्रकळेचे उपकार मानते, आत्या. ग्रहनाचे न्हाई."

ऊन चढलं होतं. शिवशंकर, ज्यानं आजवर बायकोच्या बाजूनं चकार शब्द काढला नव्हता, कोपऱ्यातली छत्री घेऊन आला आणि पोरीवर धरून उभा राहिला. बोलला आताही नाही. पण सगळ्या भावकीदेखत उभा राहिला, हे त्याच्या मानानं भाषणच होतं.

"तपासा आता दोघांचं," माणिकराव म्हणाला.

"काहून तपासायचं?" शिवकन्या बायांच्यातून उठली. "मला इचारलं का कुनी? लहानपनापासून विश्वंभरदादा म्हनते मी त्याला. निकाल सोन्याचा आला तरी दादाच ऱ्हाईल."

"मी बी कवाचं तेच म्हनून राहिलो," विश्वंभर अंगणाच्या कडेला उभ्या ट्रॅक्टरमागून म्हणाला. इतका वेळ तो तिथं का होता, ते आता कळलं.

सुपारी परत पिशवीत गेली. त्यानंतर पुनमनं चंद्रकळा खिडकीला बांधली नाही. घडी घालून द्वारकाबाईच्या पेटीवर ठेवली आणि खिडकीला बाजारातून जाड पडदा आणला. शाळेची वेळ झाली की द्वारकाबाई काळी छत्री उघडून न सांगता दारात उभी राहते. नातीचा मनगटाशी धरलेला हात ती शाळेच्या फाटकापर्यंत सोडत नाही. वाटेत अजून कुणीतरी विचारतंच, "कुनावर गेली हो ही?"

"माझ्या बहिनीवर," ती म्हणते, दोन गल्ल्यांत ऐकू जाईल अशी.

आता शेवटची बेरीज. द्वारकाबाईची अर्धी बाग बुडाली. नरसिंगरावाचा फेटा बुडाला. त्यानं तो पुढच्या सोयरिकीत वसूल केला असणार. माणिकरावाचे बुंदीचे लाडू गेले, त्यातले बरेचसे छत्रीखाली बसून आरोहीनंच खाल्ले. शिवकन्यानं भरायचं होतं, ते टळलं. पुनमनं सहा वर्षं भरली, ती कुणी परत देणार नाही आणि ती मागायलाही गेली नाही. पण सगळ्यात आधी, सगळं, एकरकमी भरलं ते सोनीनं. आणि तिचं नाव घ्यायलासुद्धा घराला आरोहीची वाट बघावी लागली.