आतली कडी

माण गावातील भिवाजींच्या लोखंडी फाटकाला आतून एक जाड कडी होती. ती रोज पहाटे स्वहस्ते काढणे, एवढेच कार्य त्यांच्या आयुष्यात शिल्लक उरले होते. शेतजमीन केव्हाच कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती. तिच्या मोबदल्यातून घरावर दोन मजले चढले आणि खोल्या भाडेकरूंनी भरल्या. पत्नी गोजराबाई निवर्तल्या. मुलगा रोहित बाणेरला राही, सणावारी तोंड दाखवून जाई. जिन्यावर दिवसभर वर्दळ असे. परंतु त्या मंडळींच्या लेखी जिन्याखाली बसलेला म्हातारा म्हणजे पाण्याची मोटार चालू करणारा इसम, एवढीच भिवाजींची ओळख होती.

अपवाद फक्त सौरभचा. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा परभणीकडचा हा मुलगा रात्रपाळी करून पहाटे परते. भिवाजी कडी काढीत आणि दोघे पायरीवर बसून चहा घेत. कप रिकामे होईपर्यंतचे ते बोलणे भिवाजींना उरलेल्या दिवसभर पुरवावे लागे.

"काका, तुम्ही रोज एवढ्या पहाटे जागे कसे?" सौरभने एकदा विचारले.

तुझ्यासाठी उठतो, हे सांगण्याचा भिवाजींना संकोच वाटला. "झोपच येत न्हाई रं. म्हातारपण, दुसरं काय!"

दुसऱ्याच दिवशी सौरभने त्यांच्या हाती एक डबी ठेवली. "मेलाटोनिनच्या गमी आहेत. झोपायच्या आधी एक चघळायची. दिवसा झोपायला मीपण हेच खातो."

भिवाजींनी एक हुंगून पाहिली. "आरं, ही तर लिमलेटची गोळी! आवशद आसं गोड आसतंय व्हय?"

"खाऊन तर बघा. गोड लागली म्हणून डबी संपवू नका म्हणजे झालं!"

पोराचे मन मोडू नये म्हणून त्यांनी त्या रात्री एक गमी चघळली. तिचा गुण म्हणा, की कुणी तरी आपली चिंता वाहिली या विचाराचा म्हणा, भिवाजींना गाढ निद्रा लागली. जाग आली तेव्हा उन्हे अंथरुणावर आली होती.

ते अनवाणी धावले. फाटकाबाहेर सौरभ पिशवी उशाशी घेऊन जमिनीवरच झोपी गेला होता.

"आरं लेकरा, हाक का न्हाई मारलीस?"

"किती दिवसांनी झोपला असाल, काका. उठवायचं जिवावर आलं."

त्याच संध्याकाळी सौरभ एक कारागीर घेऊन आला आणि दोन्ही बाजूंनी उघडणारे कुलूप फाटकाला बसवून घेतले. एक किल्ली भिवाजींना दिली, एक स्वतःजवळ ठेवली. "आता तुम्हाला पहाटे उठायचं कारणच नाही!"

तो हे किती मायेने बोलला होता! भिवाजींनी किल्ली कनवटीला लावली.

पुढच्या पहाटे किल्ली फिरल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून पावले हलकेच जिना चढून गेली. चुलीपुढे भिवाजी दोघांपुरता चहा उकळून बसले होते. आपल्या वाटणीचा त्यांनी एकट्याने प्यायला. उरलेला निवला आणि त्यावर साय धरली. असे कित्येक दिवस चालले. डबीतील गमी मात्र तशाच राहिल्या.

अखेर एका रात्री, निजण्यापूर्वी, भिवाजींनी कुलूप लावले आणि वर ती जुनी कडीही सरकवली.

पहाटे किल्ली फिरली. फाटक हलले, परंतु उघडले नाही. भिवाजी आतल्या बाजूस उभेच होते. त्यांनी कडी काढली.

सौरभने कडीकडे पाहिले, मग पायरीवर ठेवलेल्या दोन कपांकडे. किल्ली खिशात टाकीत तो म्हणाला, "काका, हे कुलूप काही कामाचं दिसत नाही."

"लई खराब हाय," भिवाजी म्हणाले. "बस. च्या निवतुया."