उलटा शिक्का

तमाए हानावाने रबरची कडी अंगठ्याच्या नखाने दाबली, सोडली आणि तोंड वाकडं केलं. दाबल्याचा वळ तसाच राहिला होता. ओसाकाजवळच्या या कारखान्यात ती बावीस वर्षं गॅसच्या नळीला बसणाऱ्या कड्या तपासत होती. हा माल साच्यात पुरता शिजलाच नव्हता. असली कडी कुणाच्या स्वयंपाकघरात गेली तर गॅस गळणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण तपासणीच्या कागदावर सहीऐवजी नावाचे पाच लाल शिक्के सकाळीच उमटले होते. सुट्टीआधीची घाई ना! मालकांचा सरळ, बाकी चौघांचे त्यांच्या दिशेला कललेले. वरिष्ठांपुढे माणूस वाकतो, मग त्याच्या शिक्क्याने वाकायला नको? वाकण्यात सगळे तरबेज. कडी मात्र एकानेही हातात धरली नव्हती.

"हानावाबाई, उरका लवकर," विभागप्रमुख कुवाबारा म्हणाला. "उद्यापासून ओबोनची सुट्टी. ट्रक दारात उभा आहे."

"साहेब, माल कच्चा आहे."

"पाच शिक्के दिसत नाहीत का? मालकांनी पास केलाय."

"मालकांनी कागद पास केलाय. ही घ्या, दाबून बघा की."

तिने मेलेला उंदीर पुढे केल्यासारखा त्याने हात मागे घेतला. "तुमचा करार सप्टेंबरात संपतो ना?" त्याने गोड आवाजात विचारलं.

साठीला आलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? आणि मग तिचं डोकंच फिरलं. तिने आपला शिक्का उचलला, उलटा धरला आणि शेवटच्या, तिच्यासाठी कोऱ्या राहिलेल्या चौकटीत दाबला.

उलटा शिक्का म्हणजे 'मला मान्य नाही'. कुवाबाराचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हे काय केलंत! मालकांच्या ओळीत?"

सगळं ऑफिस गोळा झालं. असा कागद गिऱ्हाइकाला कसा पाठवायचा? नवा कागद करा. पण त्यावर पुन्हा पाच शिक्के हवेत, आणि मालक तर खिशात शिक्का घेऊन दुपारीच गावी आकिताला निघालेले! ट्रक रिकामा परत गेला. कच्च्या रबरासाठी कुणी जागचं हललं नव्हतं. उलट्या शिक्क्यासाठी अख्खा कारखाना थांबला.

पाच दिवसांनी सुट्टीवरून परतलेल्या मालकांनी अडलेल्या मालाचं खोकं उघडायला लावलं. बंद गोदामाच्या उकाड्यात कड्या एकमेकींना चिकटून गुळाची ढेप झाली होती. मालकांनी पहिल्यांदाच मालाला बोट लावलं.

"हा कुणी अडवला?"

"मीच, साहेब," कुवाबारा कमरेत वाकला. "कागदातली चूक माझ्या नजरेस आली."

"शाबास!"

तमाए बघतच राहिली. निर्लज्जपणाला काही हद्द?

दुपारी तिच्या टेबलावर माफीनामा आला, कंपनीच्या कागदाचा अपमान केल्याबद्दल. कुवाबाराचा शिक्का त्यावर व्यवस्थित वाकून बसला होता. शेजारी तिच्यासाठी कोरी चौकट होती.

तिने शिक्का शाईला लावला, नीट फिरवून धरला आणि दाबला. पुन्हा उलटाच.