शेवटचा फर्मा

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने यावं, पण पुस्तक घेऊन येऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. फळं निदान शेजारच्या खाटेवर तरी देता येतात.

आमच्या ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि नणंदबाईंनी विनोदी गोष्टींचं पुस्तक आणून उशाशी ठेवलं. "दादा, हस जरा. हसलास की बरा होशील." हे हसले. दुसऱ्याच पानावर हसले, आणि टाके असे ओढले गेले की पुढचा अर्धा तास नुसतं "अगं आई गं" चाललं होतं. मग वन्संनी दुसरं आणलं. मरणाच्या दारातून परत आलेल्या कुणा माणसाची कहाणी. तो तिसऱ्या प्रकरणातच डोंगर चढायला लागला. ह्यांना संडासापर्यंत न्यायला दोघांचे खांदे लागत होते. पुस्तक मिटून म्हणाले, "ह्याला म्हणावं, वरच बस."

तशी पुस्तकं आम्हाला नवीन नाहीत. आम्ही बाइंडर. गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, नवराबायको मिळून चालवतो. वाचनालयांची फाटकी पुस्तकं येतात, ती उसवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा. सुईदोरा ह्यांचा, खळ आणि पुठ्ठा माझा, आणि गिऱ्हाइकांशी भांडणही माझंच. जन्म पुस्तकांत गेला, पण वाचनाच्या नावानं शंख. हे म्हणायचे, "शिंपी काय शिवलेला प्रत्येक सदरा घालून बघतो?"

थट्टामस्करी संपली ती डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं तेव्हा. पहिलं ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम, म्हणाले. खाऊनपिऊन अंगात ताकद आली की दुसरं करायचं, आणि ते टाळलं तर माणूस हाती लागणार नाही.

ह्यांनी साफ नाही म्हटलं. "एकदा उसवलं, शिवलं. आता परत उसवायचं? मी काय शाळेची वही आहे?" भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. सहीच्या कागदाला हात लावेनात, ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. मी रागावले, रडले. वन्संनी गळ्याची शपथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संध्याकाळी घरी जाववेना म्हणून दुकान उघडून बसले. हाताला काम हवं म्हणून पुठ्ठ्यांची थप्पी लावायला घेतली, तर मागे एक जाडजूड कादंबरी दडलेली. कुणाची, कधीची, काही पत्ता नाही. सहज उघडली. तीन बहिणी, वडील नुकतेच वारलेले, आणि घरात एक कुलूपबंद कपाट. किल्ली माझ्याकडे नाही, असं तिघीही छातीठोकपणे सांगताहेत. मी उभ्याउभ्याच वाचत सुटले. चहा गार झाला. माझ्यासारखीला जे पुस्तक खाली बसू देत नाही, ते ह्यांना भिंतीकडून वळवेल, असं वाटलं मला. पण वजन म्हणजे वीट बरी! ते ह्यांच्या पोटावर ठेवलं असतं तर दुसऱ्या ऑपरेशनचा प्रश्नच मिटला असता.

मग मी आमचंच काम केलं, फक्त उलटं. पुठ्ठा सोडवला, दोरे कापले आणि फर्मे सुटे केले. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी म्हणजे फर्मा. अशा घड्या ओळीनं शिवल्या की पुस्तक होतं. सुटा फर्मा हातात काहीच जड लागत नाही. मोजून बघितले, बरोबर भरले. पहिला पिशवीत टाकला.

"पुस्तक फाडलंस?" ह्यांनी दुसऱ्या दिवशी भिंतीकडचं तोंड वळवलं. फर्मा हातात घेतला, घडीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"गुमान वाचा," मी म्हटलं. "वाडग्यातलं सूप संपलं तरच उद्या पुढचा मिळेल."

संपलं की हो! आणि दुसऱ्या दिवशी मी दारात दिसताच ह्यांचं पहिलं वाक्य, "किल्ली थोरलीकडे आहे. लिहून घे." मी रात्री वाचून यायची आणि सांगायची, थोरली कसली, धाकटीच आतल्या गाठीची आहे. आम्ही भांडायला लागलो. किती दिवसांनी भांडत होतो! मधल्या बहिणीची बाजू घ्यायला नर्सबाई उभ्या राहायच्या, त्यांनाही वाचलेला फर्मा द्यावा लागायचा. ह्यांच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं.

शेवटचे दोन उरले तेव्हा मी एक दिला आणि एक पिशवीत ठेवला. "हा ऑपरेशननंतर. आधी सही करा."

"अगं, हा तर उघडउघड दरोडा झाला!"

"झाला तर झाला."

ह्यांनी पोटाशी उशी दाबून धरली आणि हसले. मग पेन मागितलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार काही उघडेना. जीव थाऱ्यावर राहीना म्हणून मी तो फर्मा काढला. दोनचार ओळी वाचल्या. हे तर वाचलेलं! पानाखालचा फर्म्याचा आकडा बघितला. आदल्या फर्म्याचाच. तोच फर्मा दोनदा लावला होता आणि शेवटचा पुस्तकात नव्हताच. फर्मे मोजायचे नसतात, आकडे बघायचे असतात, हे मीच जगाला सुनावते आणि मीच मोजून मोकळी झाले होते. आता ह्यांना काय दाखवू? "कोण गाढव बाइंडर आहे हा!" मी मोठ्यांदा ओरडले. बाकावरच्या बाई सरकून बसल्या.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. मी फर्मा पिशवीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे नीट बोलायला लागले. "फर्मा आणलास?"

लपवून काय करणार? सगळं सांगून टाकलं. ह्यांना नवल वाटलेलं दिसेना.

"तो गाढव मीच," म्हणाले. "वाचनालयानं परत पाठवलं होतं ते. मी त्यांना दुसरी प्रत आणून दिली आणि हे पुठ्ठ्यांमागे लपवलं. तुझ्या तोंडाला कोण लागणार?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. घडीत माझाच दोरा अडकला होता."

"शेवट नाही हे माहीत असून सही केलीत? मग कशासाठी?"

"तुला कुठला दम निघतोय? तू तो फर्मा उघडणार आणि बाइंडरला शिव्या घालणार, हे मला दिसत होतं. मग वाटलं, तेव्हा समोर मीच नसलो, तर ही बिचारी एकटी कुणाला शिव्या देईल?"

भर वॉर्डात मला हुंदका फुटला. नर्सबाई धावत आल्या, त्यांना मी हातानंच थांबवलं.

"गाढव," मी म्हटलं. "एक नंबरचे गाढव आहात तुम्ही."

"हां," हे म्हणाले आणि डोळे मिटले. "आता जरा बरं वाटतंय."