बुधवारचा मासा

“आता गिळा,” थेरपिस्ट म्हणाली.

काचेच्या पलीकडे नवरा एक्स-रे मशीनसमोरच्या खुर्चीत ताठ बसला होता. अलीकडे ती पर्स पोटाशी धरून पडद्याकडे बघत उभी होती. औषध लावलेल्या बिस्किटाचा काळा गोळा जिभेच्या मागे आला, जरा घुटमळला आणि खाली उतरला. थोडासा भाग कोपऱ्यात अडकून राहिला. थेरपिस्टनं पुन्हा गिळायला सांगितलं, तेव्हा तोही गेला. आपणही त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी गिळत होतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला होता, शब्द तोंडातल्या तोंडात अडकत होते, आणि त्या शब्दांच्याच वाटेवर घासही अडकत होता. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मिक्सरमधून काढलेलं, चमच्यानं भरवायचं, एकाच रंगाचं जेवण. पहिले काही महिने त्यानं ते निमूटपणे खाल्लं. मग तो ओठ मिटून घ्यायला लागला. अकरा किलो वजन उतरलं. आणखी दोन किलो उतरलं तर पोटातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी गेल्या खेपेला सांगितलं होतं. त्यांनी ते त्याच्यासमोरच सांगितलं होतं, आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला होता.

तपासणी झाल्यावर थेरपिस्टनं त्याला विचारलं, काय खावंसं वाटतं? थेरपिस्ट वयानं लहान होती, पण घाई करत नसे. तो बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करत राहिला.

“कु... कुर...”

“खुर्ची? खुर्ची बदलायची आहे का?”

त्यानं डोळे मिटले. बायको म्हणाली, “कुरकुरीत म्हणताहेत. कुरकुरीत काहीतरी हवंय त्यांना.”

थेरपिस्टनं मान हलवली. मऊ, ओलसर, छोटा तुकडा आता चालेल, मासा तर उत्तमच, असं तिनं सांगितलं. पण कोरडं, भुसभुशीत काही नको. सुटा चुरा श्वासनलिकेत गेला की फुप्फुसात जातो, आणि मग न्यूमोनिया. न्यूमोनियाचं वेगळं सांगायला नको होतं. दुसऱ्या महिन्यात, एका दुपारी त्यानं फारच मागितला म्हणून, बायकोनंच पातळ पदार्थ घट्ट करायची पूड न घालताच त्याला कपभर चहा दिला होता. त्या चहापायी अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले होते.

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. “चुरा सुटा नसेल तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे कुरकुरीत असेल, पण घट्ट चिकटलेला असेल. एक कणसुद्धा सुटत नसेल, तर?”

थेरपिस्टनं थोडा विचार केला. मग सगळं कागदावर लिहून दिलं. हनुवटी छातीकडे, एका घासाला दोनदा गिळायचं, मध्ये बोलायचं नाही, बरोबर घट्ट रस्सा किंवा लोणी. खोकला आला तर घाबरायचं नाही. खोकला आला म्हणजे शरीर आपलं काम करतंय. कागद देताना ती एवढंच म्हणाली, “सुटत नसेल, तरच.”

घरातलं स्वयंपाकघर कधीच तिचं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं तिच्या हातातून झारा काढून घेतला होता आणि म्हणाला होता की तू काचा घास, ते तुला छान जमतं. ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची, सुटायला संध्याकाळचे सात वाजत. तो बस डेपोत वेळनोंदणीचं काम करायचा. पहाटे पाचला हजर, दुपारी एकला मोकळा. त्यामुळे एकोणतीस वर्षं ती घरी आली की गरम ताट समोर यायचं. सोमवारी अंडी, मंगळवारी उरलंसुरलं, आणि बुधवारी ओव्हनमधला मासा, वरून पावाच्या चुऱ्याचं सोनेरी कवच. कारखान्यातल्या बायका तिला राणीसाहेब म्हणायच्या, आणि ती ते नाकारत नसे.

त्या दिवशी बुधवार होता. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. नवऱ्याला घरी आणून झोपवलं, वरच्या मजल्यावरच्या नणंदेला त्याच्यापाशी बसवलं आणि ती मासे आणायला गेली.

मासेवाल्यानं साहेबांची चौकशी केली. ते नेहमी मधला भाग मागायचे, शेपटीकडचा दिला की परत करायचे, हेही सांगितलं. तिनं पांढऱ्या माशाचे मधले चार तुकडे घेतले. काटे काढून दिलेत, असं तो म्हणाला. तिनं तिथंच उभं राहून एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं. तीस वर्षं काचेवरचा केसाएवढा ओरखडा बोटानं ओळखणारी ती बाई. तिसऱ्या तुकड्यात तिला काटा लागला. मासेवाला ओशाळला. तिनं पर्समधला कामाचा चिमटा काढला आणि काटा उपसून त्याच्या फळीवर ठेवला.

घरी आली तेव्हा नणंद स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. नवऱ्याची ही थोरली बहीण शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं थेरपिस्टचा कागद दोनदा वाचला होता आणि तिचं म्हणणं साधं होतं: कागदावर मऊ लिहिलंय तर मऊच द्यावं. मासा उकडून, कुस्करून, लोण्यात कालवून द्यावा.

“कुस्करलेलं ते खात नाहीत, ताई.”

“आज खाईल. भूक लागली की खाईल.”

“तीन आठवडे हेच म्हणतोय आपण.”

नणंदेनं चष्मा काढून पुसला. मग सावकाश, आवाज न चढवता म्हणाली, “चहाच्या वेळीसुद्धा तुला असंच वाटलं होतं. एक कप, त्यानं काय होतंय.”

सहा महिन्यांत दोघींपैकी कुणीही त्या चहाचं नाव काढलं नव्हतं. तिनं माशाची पिशवी ओट्यावर ठेवली, नळ सोडून हात धुतले, बराच वेळ धुतले.

“हो,” ती म्हणाली. “माझ्यामुळेच झालं ते. म्हणूनच आज तुम्ही इथं उभ्या राहा. एक जरी कण सुटला, तर मी स्वतः कुस्करून देईन.”

नणंदेनं खुर्ची ओढली आणि दारातच बसली.

मासा वाया घालवण्याइतका नव्हता, म्हणून तिनं आधी बटाट्याच्या चकत्या घेतल्या. पाव भाजून कडक केला, लाटण्यानं कुटला. चकती फेटलेल्या अंड्यात बुडवून चुऱ्यात घोळवली आणि ओव्हनमध्ये ठेवली. रंग आल्यावर बाहेर काढली. मग भिंगं तपासायला वापरायचं काळं कापड तिनं टेबलावर पसरलं, चकती त्यावर धरली आणि जेवणाच्या काट्याच्या टोकानं हलकेच ठोकली. कापडावर पांढरे ठिपकेच ठिपके पडले.

“सतरा,” नणंद म्हणाली. तिनं खरोखरच मोजले होते.

चुरा जाड होता, हे तिला दिसत होतं. काच घासायच्या पुडीचंही असंच असतं. जाड पूड खरवडते, बारीक पूड बसते. तिनं चुरा पुन्हा कुटला, चहाच्या गाळणीतून चाळला, जे वर राहिलं ते बाजूला काढलं. चाळलेला चुरा लोण्यावर मंद आचेवर परतून घेतला, म्हणजे तो कोरडा राहणार नाही आणि रंगही आधीच येईल. दुसरी चकती ठोकली तेव्हा चार कण पडले. चार म्हणजे फारच थोडे, पण नणंदेनं मान हलवली, आणि तिला स्वतःलाही चार चालणार नव्हते.

ओट्याला टेकून ती उभी राहिली. आतल्या खोलीतून नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. नणंद उठली, ओट्यापाशी आली, कच्च्या बटाट्याच्या चकतीला बोट लावून बघितलं.

“ही ओली आहे. ओल्या भिंतीला रंग धरतो का? आधी पुट्टी लावतात.”

“पुट्टी?”

“मैदा लाव. आधी पुसून कोरडी कर, मग मैदा, मग अंडं, मग तुझा तो चुरा. आणि जरा वेळ तशीच राहू दे. सारखी घाई.”

मग दोघी कामाला लागल्या. नणंद फडक्यानं टिपून मैदा लावून द्यायची, ती अंड्यात बुडवून चुरा लावायची आणि तळहातानं दाबून बसवायची. चकती दहा मिनिटं तशीच राहू दिली आणि मग भाजली. ती ठोकली, उलटी करून ठोकली, नणंदेनं स्वतः काटा घेऊन जरा जोरातच ठोकली. काळं कापड काळंच राहिलं. नणंदेनं चष्मा कपाळावर चढवून कापडाच्या जवळ डोळे नेले, पुन्हा चष्मा लावून बघितलं.

“शून्य,” ती म्हणाली, आणि मासा टिपायला घेतला.

माशावर मिरपूड टाकली, लिंबाची साल किसून टाकली, कारण ती तो टाकायचा, एवढं तिला आठवत होतं. ट्रेवर जाळी ठेवून तुकडे जाळीवर मांडले, म्हणजे खालची बाजू ओली राहणार नाही; हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. ओव्हन चांगला तापवला होता. चौदा मिनिटं ती दिव्याच्या उजेडात ओव्हनच्या काचेतून आत बघत बसली. काचेवर एक ओरखडा होता, तो तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसला.

साडेसातला त्याला उठवून टेबलापाशी आणलं. आठ महिन्यांत तो टेबलापाशी बसला नव्हता. भरवणं पलंगावर सोपं पडायचं. नणंदेनं त्याच्या गळ्यात फडकं बांधलं. त्यानं डाव्या हातानं ते सोडलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं. समोर बशी आली. तो बशीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग पुन्हा बशीकडे. काटा डाव्या हातात घेतला. ती मदतीला पुढे झाली, पण नणंदेनं तिचा दंड धरला.

काटा कवचात शिरला तेव्हा करकर आवाज झाला. फार मोठा नव्हता, पण घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. त्यानं नखाएवढा तुकडा तोडला, मऊ लोण्यात बुडवला, तोंडात घातला. चावला. हनुवटी खाली घेतली. एकदा गिळलं, दोनदा गिळलं. नणंद त्याच्या पाठीमागे दोन्ही तळवे तयार ठेवून उभी होती, पडणारं मूल झेलायला उभं राहावं तशी.

दुसरा घास नीट गेला. तिसऱ्याला खोकला आला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. नणंदेचा हात पाठीपर्यंत पोचला होता, तेवढ्यात त्यानं एक बोट वर केलं, डेपोतल्या गाडीला थांबवावं तसं. दोघी थांबल्या. तो आणखी एकदा खोकला, श्वास घेतला, हनुवटी छातीला टेकवली आणि गिळलं. मग बोट खाली घेऊन पुन्हा काटा उचलला.

दीड तुकडा संपवायला त्याला चाळीस मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही. काटा खाली ठेवल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि ओठ जुळवायला लागला. मध्ये बोलायचं नाही हे त्यानं पाळलं होतं. आता बोलायची वेळ झाली होती.

“छान,” तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “झालाय.”

नणंदेनं नाक ओढलं आणि मला मासा मुळीच आवडत नाही, नाहीतर मीही बसले असते, असं सांगितलं. त्याला पलंगावर निजवायला तिनं हात दिला. जाताना दारात थांबून ती भावजयीला म्हणाली, “पुढच्या बुधवारी चुरा मी चाळीन. तुझी गाळणी नको, माझ्याकडे बारीक चाळणी आहे.” आणि जिना चढून गेली.

पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं नव्हतं. त्यानंतरच्या तपासणीला ते पाऊण किलोनं वाढलं, आणि नळीचा विषय मागे पडला. बोलणं मात्र फारसं सुधारलं नाही, आणि डेपोतलं काम सुटलं ते सुटलंच. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तो नऊच्या आत गाढ झोपला.

तिनं ओव्हन बंद करून पुसून घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. जाळीवर दोन तुकडे उरले होते, आणि बशीत त्याचा अर्धा. तिनं तो अर्धाच उचलला आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायला लागली. गार झाला होता, तरी कवच अजून कुरकुरीत होतं.

माशात मीठ नव्हतं. माशात नव्हतं, मैद्यात नव्हतं, चुऱ्यात नव्हतं. दोघींपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. हाच माणूस मीठ कमी झालं म्हणून स्वतःच्याच स्वयंपाकाला नावं ठेवत तो परत गॅसवर चढवायचा. त्याला आता चव कळत नव्हती, की कळूनही तो छान म्हणाला होता? आतल्या खोलीतून त्याचा संथ श्वास ऐकू येत होता.

तिनं मिठाचा डबा पुढे ओढला, उघडला, दोन बोटांत चिमूट घेतली. मग ती चिमूट परत डब्यात सोडली, झाकण लावलं, आणि उरलेला मासा तसाच संपवला.