शेराचा चीक

घड्याळं दुरुस्त करण्यात म्हाताऱ्याची पंचेचाळीस वर्षं गेली होती. हल्ली तो घरीच, खिडकीपाशी टेबल टाकून काम करायचा. त्याच खिडकीत बायकोने कुंडीत लावलेला शेर होता. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या कांड्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून झाडाला कुणी कात्री लावली नव्हती. ते छताला टेकून वाकलं, खोलीत अंधार करू लागलं. सुनेने दोन-तीनदा सुचवून पाहिलं. सासरा नुसता हूं करायचा.

एका दुपारी ती बाहेरून आली तर झाड निम्म्यावर आलं होतं. कापलेल्या फांद्या वर्तमानपत्रावर मांडलेल्या, टोकांतून पांढरा चीक गळत होता. म्हातारा फडक्याला हात पुसून, उजव्या डोळ्याला भिंग लावून कधीच कामाला बसला होता.

संध्याकाळी डोळा चुरचुरायला लागला. कचरा गेला असेल म्हणून तो चोळत राहिला. सुनेने विचारलं तर काही नाही म्हणाला. सकाळी डोळा उघडेना. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं : चीक बोटांवरून भिंगाला लागला, भिंगावरून डोळ्यात गेला. लगेच भरपूर पाण्याने धुतला असता तर कदाचित वाचला असता, म्हणाले. आता बुबुळावरचा डाग जाणार नव्हता.

मुलगा झाड कचऱ्यात टाकायला निघाला. म्हाताऱ्याने अडवलं. तिचं आहे, राहू दे, एवढंच बोलला.

आठवड्याने सून हातमोजे आणि नवऱ्याचा कारखान्यातला चष्मा घालून फांद्या लावायला बसली. डोळ्यावर पट्टी बांधलेला सासरा शेजारून सांगत होता. कापलेलं तोंड पुरतं सुकलंय ना बघ. रेताड मातीत खोव. इतक्यात पाणी नको, कुजेल. उजेड हवा, पण कडक ऊन नको.

तिला राहवेना. "बाबा, मी मागे लागले म्हणून कापलंत ना?"

"हो. तू म्हणाली नसतीस तर मी हात लावला नसता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. तिने उरलेल्या फांद्या खोवल्या.

पट्टी निघाल्यावर महिनाभर त्याने डाव्या डोळ्याने काम करून पाहिलं. मोहरीहून बारीक स्क्रू चिमट्यातून निसटायचे. सून गुडघे टेकून शोधायची. शेवटी त्याने तिच्याच हाती सगळी घड्याळं गिऱ्हाइकांना परत पाठवली.

फांद्या जगल्या. माती कोरडी आहे का, कोंब आले का, हे तो रोज विचारायचा आणि ती रोज सांगायची. दोघांत त्यापलीकडे बोलणं उरलं नाही.