धनीबाईचं पाताळ

मी तापट माणूस. साक्रीजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत पोरांना धर्मशिक्षण द्यायचो, आणि एक शब्द चुकला तरी कान पिळायचो. जीव देणाऱ्याला देवाघरी जागा नाही, हेही मीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. एकोणनव्वद साली माझ्या धाकट्या भावानं, निंबानं, विहिरीत उडी घेतली. का, ते आजवर कळलं नाही.

त्यानंतर आई रोज एकच विचारायची, "माझा निंबा कुठं असेल रे?" मी एवढा गुरुजी, पण तिनं विचारलं की उठून बाहेर जायचो. वर्ग सोडला, प्रार्थना सोडली. कुणी देवाचं नाव काढलं तरी डोकं फिरायचं.

एका दुपारी धनीबाई आली. डोंगरातल्या पाड्यावरची म्हातारी, उतारवयात बाप्तिस्मा घेतलेली. उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारात ख्रिस्त मेल्यावर 'अधोलोकात उतरला' असं म्हणायचं असतं. ही बया दर रविवारी 'पाताळात उतरला' म्हणायची. राक्षसांच्या गोष्टींतलं पाताळ तेवढं तिला ठाऊक. मी शंभरदा हटकलं असेल, पण छे.

ओट्यावर टेकली आणि तिनं गोष्टच सुरू केली. राजाची पोर रुसून आपल्या पायानं पाताळात गेली. मागं सात दारं बंद झाली. लोक म्हणाले, तिनं स्वतःच केलं, आता गेली ती गेली. थोरला भाऊ मात्र खाली उतरला, आणि एकेक दार चौकटीसकट उखडत गेला, पुन्हा कुणी लावायला नको म्हणून.

मी भडकलो. घरातलं माणूस गेलंय आणि तुला राक्षस सुचतात, असं नाही नाही ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, येसू पाताळमा उतरना, आसं आपण दर रविवारे म्हनतस. मंग तो कोनले लेवाले उतरना व्हता?"

कुणाला आणायला उतरला होता? वीस वर्षं ते वाक्य मी पाठ करून घेतलं, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. शब्द दुरुस्त करण्यातच माझी हयात गेली. लाज वाटली. आणि किती दिवसांनी जरा धीरही आला.

आत गेलो. आई चुलीपुढं बसली होती. "आई, निंबा जिथं गेलाय तिथं येशू त्याच्या आधी पोचलाय," मी म्हणालो.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पण निंबा लवकर ऐकत नाही रे कुणाचं."

"ऐकेपर्यंत बसेल तो त्याच्यापाशी," मी म्हणालो, आणि निंबा गेल्यापासून पहिल्यांदाच आईच्या गळ्यात पडून रडलो.