मधल्या खांबाचा सत्कार

मी एक जुना लोखंडी खांब आहे आणि गेल्या उन्हाळ्यात आगीत मऊ पडून मी वाकलो, माझ्यामागून अख्खं छप्पर खाली आलं. मित्रांनो, असं काहीही झालेलं नाही. मी उभा आहे. छप्परही वरच आहे, मीच धरलंय. आपण पहिल्यापासून सुरू करू.

घाटनांदूरच्या अलीकडे आमच्या दूध संस्थेचं गोदाम आहे. त्याच्या बरोबर मधोमध मी. संस्था निघाली त्या वर्षी गावाने दोर लावून मला उभं केलं. तेव्हापासून मला कुणी ‘बस’ म्हटलेलं नाही. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. प्रत्येक नव्या चेअरमनने मला आपल्या आवडीचा रंग दिला. पुढे कौतुक आटलं आणि लोक माझ्या अंगाला चुन्याची बोटं पुसू लागले.

मग दुष्काळ पडला आणि गोदामात चारा डेपो सुरू झाला. कडब्याच्या पेंढ्या थेट माझ्या अंगाला टेकवून रचल्या. गुदगुल्या व्हायच्या, पण माझी तक्रार नव्हती. तक्रार बीडहून आलेल्या साहेबांची होती. ते म्हणाले, “इथे आग लागली तर छप्पर टिकेल का, ते दाखवा. नाहीतर डेपो बंद.”

सगळ्यात जास्त धसका छबुबाईंनी घेतला. त्यांच्या घरात माणसं दोनच, एक त्या आणि दुसरी चांदी नावाची म्हैस. दुसरा डेपो इतका लांब होता की डोक्यावरून चारा आणणं शक्यच नव्हतं. हा डेपो बंद झाला असता तर चांदीला बाजारात उभं करावं लागलं असतं.

“टिकंल का म्हंजे काय?” चेअरमन माणिकराव म्हणाले. “ह्यो खांब बघा साहेब. नुसता रंगच बोटभर जाड हाय.”

साहेबांनी रंग हिशेबात धरला नाही. म्हणून संस्थेत दूध मोजून घेणाऱ्या विमलबाईंचा इंजिनिअर भाचा उत्तरेश्वर लॅपटॉप घेऊन आला. त्याने मला मापलं, लॅपटॉपमध्ये उभं केलं आणि पेटवून दिलं. इथे मी गार उभा, आणि तिथे पडद्यावर मी लालभडक होऊन वाकतोय. घाम येण्याची सोय असती तर मला दरदरून फुटला असता. मी पडलो की तो मला पुन्हा उभं करायचा, एकच गोष्ट थोडीशी बदलायचा आणि पुन्हा पेटवायचा.

छबुबाईंना ते बघवेना. “कावून रं बाबा, त्या बिचाऱ्याला सारखं सारखं पाडतूस?”

“मावशी, कशानं जास्त फरक पडतो ते बघायलोय. एकदा लोखंड जरा जाड करून बघायचं, एकदा छपराचं वजन कमी करून बघायचं.”

“आमटीवानी हाय की मग. हळद जरा जास्त पडली तर कुणाला कळत न्हाई. मीठ जास्त पडलं की लोक ताटावरून उठत्यात.”

“बराबर. ह्या खांबाचं मीठ कोणतं, तेच हुडकायलोय.”

मीठ सापडलं. लोखंड जाड केलं तर मी जरा उशिरा पडायचो, एवढंच. पण पेंढ्या माझ्यापासून चार पावलं लांब सरकवल्या की मी पडायचोच नाही.

“आन् रंग?” माणिकरावांनी विचारलं.

“रंगानं काय व्हत न्हाई, काका.”

माणिकराव जरा वेळ बाहेर जाऊन आले.

लगेच पेंढ्या सरकवल्या गेल्या. साहेब पुन्हा पाहणीला आले, तेव्हा माणिकरावांनी त्यांच्या सत्काराला शाल काढली. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. आता आणलेली शाल घरी परत नेण्याची पद्धत आमच्या सहकारात नाही. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शाल मला गुंडाळली. नारळ फोडला. आगीपासून रक्षण व्हावं म्हणून विमलबाईंनी निरांजनाने मला ओवाळलं.

शाल नायलॉनची होती. ती भर्रकन पेटली.

साहेब पेंढ्यांकडे बघत राहिले. छबुबाईंनी डोळे मिटले. जाळ पेंढ्यांपर्यंत पोचला नाही. शाल जळून खाली पडली, माणिकरावांनी ती चपलेने विझवली आणि मी होतो तसाच उभा राहिलो.

“पडद्यावर अगदी असंच झालतं,” उत्तरेश्वर हळूच म्हणाला.

साहेबांनी घाम पुसला. “डेपो चालू ठेवा,” ते म्हणाले. “ओवाळणं बंद ठेवा.”

छबुबाई माझ्याजवळ आल्या आणि पदराने काजळी पुसू लागल्या. “लई भाजलं का रं?” मित्रांनो, सगळ्या चेअरमनांनी मिळून मला इतके रंग दिले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. चांदी आजही त्यांच्याच दावणीला आहे, आणि दूध आमच्याच संस्थेला घालते.

आता माझ्याभोवती चार पावलं मोकळी जागा असते. पेंढ्यांची वाट बघत बायका तिथे सावलीला बसतात, माझ्या अंगाला पाठ टेकवतात, खिदळतात. आपल्या गावातल्या खांबालाही एवढी जागा द्या, आणि त्याला ओवाळू नका.

तरी मेहेरबान संस्थेस विनंती करण्यात येते की, सदर खांबास दररोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास त्या मोकळ्या जागेत खाली बसण्याची परवानगी मिळावी. तेवढ्या वेळापुरतं छप्पर मा. चेअरमनसाहेबांनी जातीने धरावे.